कपाटाला पाठ लावून

माझ्या मावशीनं खूप जग पाहिलं, असं आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांचं मत होतं. कुठंही चार माणसं जमली की कुणी ना कुणी तिला गाठायचंच. "तुमचं बाई बरंय, घरच बरोबर घेऊन फिरता. आज डोंगर, उद्या समुद्र." मावशी हसून म्हणायची, "हो, छान असतं." मग ते माझ्याकडं वळायचे, "बघ गं, नशीब लागतं याला." माझ्या अगदी ओठांवर यायचं, की अहो, कसला डोंगर अन् कसला समुद्र! त्या बाईनं एक कपाट पाहिलंय, आणि तेसुद्धा डोळ्यांनी नाही, पाठीनं. पण तेवढ्यात मावशी खालून माझ्या दंडाला चिमटा काढायची. मग मी दात-ओठ खात गप्प. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. काका, म्हणजे मावशीचे यजमान, मला 'वकिलीणबाई' म्हणतात ते काही उगीच नाही. तशी मी वकील-बिकील नाही, औषधांच्या दुकानात काउंटरला असते.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे मावशीचं घर, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांना मूलबाळ नाही. असलंच तर मी, तेही बोलवल्याशिवाय येणारं आणि सांगितल्याशिवाय सल्ला देणारं.

आयुष्यभर ती एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात होती. काम काय, तर चादरी घडी करायच्या. चादर मोठी, एकटीला आवरत नाही. म्हणून दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. हिनं दोन टोकं धरायची, तिनं दोन. झटकायचं, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, परत लांब जायचं. दिवसभर तेच. नोकरी संपली तरी ती सवय काही गेली नाही. कुणी काही उचलायला लागलं की ही धावत जाऊन त्याचं दुसरं टोक धरणार. टेबल असो, गादी असो, ओला टॉवेल असो. एकदा मी भाजीची पिशवी उचलली तर हिनं खालून हात लावला. "अगं, पिशवीला कुठलं आलंय दुसरं टोक?" मी म्हटलं. तर म्हणते, "असू दे गं, तेवढाच आधार."

काका सुतार. फर्निचरच्या कारखान्यात कपाटांची दारं बसवण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस सज्जन, निर्व्यसनी, पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. जेवताना 'वाढ' आणि 'पुरे', एवढंच काय ते बोलणं. मावशी म्हणायची, "हे बोलत नाहीत म्हणून मीच दोघांचं बोलायची, मग माझंही संपलं."

रिटायर झाल्यावर काकांनी सामान वाहायची एक जुनी व्हॅन घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर ठोकठोक करून तिच्यात घर बसवलं. मागं पलंग, त्याखाली पाण्याची टाकी. एका बाजूला ओटा, शेगडी, हात धुवायला इवलंसं बेसिन. आणि ओट्याच्या समोर कपाट. अंथरूण, कपडे, भांडी, डबे, सगळं त्या एका कपाटात. मधली वाट इतकी अरुंद की तिथं पुढं उघडणारं दार लावलं तर माणूस पलंगावरच अडकेल. म्हणून काकांनी सरकती दारं केली. दोन दारं, एकामागून एक सरकणारी. हँडल नाही, फक्त बोट घालायला गोल खाच. आणि सरकायला इतकी हलकी, की लहान पोरानं फुंकर मारली तरी सुळ्ळकन पलीकडं. ती दारं दाखवायला काका शेजारच्यांना बोलावून आणायचे. ते आयुष्यात दुसरं काही कुणाला दाखवायला गेले असतील असं मला वाटत नाही.

आता घरातल्या कपाटाचा जो गुण, तोच गाडीतल्या कपाटाचा अवगुण. पहिल्याच सफरीला, पहिल्याच सिग्नलला ब्रेक लागला आणि दोन्ही दारं धडाड्कन पुढं. मग गाडी वळली आणि आतलं सगळं वाटेत. चादरी, पातेली, काकांचे स्वेटर, साखरेचा डबा. काका आरशात बघून ओरडले, "अगं धर, धर!" पुढं बसलेली मावशी उठून मागं गेली. सगळं आत कोंबलं, दारं लावली आणि त्यांना पाठ टेकून बसली. "आजचा दिवस धर," काका म्हणाले, "उद्या काहीतरी करू."

झालं! 'आजचा दिवस' म्हणता म्हणता सात-आठ वर्षं गेली.

काकांनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. खालच्या चॅनेलमध्ये काठी आडवी घालून बघितली. खड्डा आला की दारं उडायची, काठी ओट्याखाली. चिकटपट्टी लावली तर काढताना तिच्याबरोबर पॉलिश निघालं, आणि काका दोन दिवस जेवले नाहीत. लोहचुंबक बसवलं, ते घाटात झोपी गेलं. दोरी बांधायची तर हँडलच नाही. एकच साधा उपाय होता, जो हार्डवेअरच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा सांगेल: एक खिट्टी मारा. पण खिट्टीचं नाव काढलं की काकांच्या कपाळावर आठी. "चांगल्या दाराला खिट्टी लागत नाही. खिट्टी म्हणजे सुतारानं हात टेकले." मी म्हटलं, "काका, सुतारानं हात टेकले नाहीत म्हणून बाईनं पाठ टेकलीय!" त्यावर ते नुसते रंध्याला धार लावत बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही धडधाकट होता.

आणि मावशी? तिला जणू जन्माचं काम मिळालं. एक बुटकं स्टूल, त्यावर उशी, पाठ दारांना, पाय समोरच्या ओट्याला रोवलेले. गाडी कुठंही जावो, हिचं तोंड ओट्याकडं. ओट्यावर एक लहानशी खिडकी, तीही वर. तिच्यातून दिसायचं आभाळ, विजेच्या तारा आणि कधीतरी झाडाचा शेंडा. बाकी सगळा प्रवास तिला पाठीनं कळायचा. ब्रेकला दार डावीकडं ओढतं, चढाला उजवीकडं. गावातून जाताना नुसती भुणभुण, घाटात अंगावर येतं. एकदा ते कुठल्याशा खूप लांब पुलावरून गेले होते, पाण्यावरच्या. शेजारणीनं विचारलं, "पूल कसा होता हो?" मावशी म्हणाली, "छान. मधे मधे सांधे आहेत त्याला." शेजारीण बघतच राहिली.

मुक्कामाला पोचल्यावर तरी बघायचं की नाही? पण तोवर हिची पाठ अशी धरलेली असायची, की ती पलंगावर आडवी आणि काका एकटे चालायला बाहेर. ते परत येईतो हिनं नळ शोधून पाणी भरलेलं, दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. दर सफरीनंतर मी विचारायची, "काय पाहिलंस?" आणि ती खरं ते फक्त मला सांगायची, "नळ पाहिला. चांगला होता, मोठी धार."

असंच एकदा विचारलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "मला एकदा पुढं बसायचंय गं. यांच्या शेजारी. पहिल्या दिवशी त्या सिग्नलपर्यंत बसले होते, तेवढंच."

"मग सांग की त्यांना! तोंड आहे ना देवानं दिलेलं?"

"मागून घेतलेली जागा ती काय जागा?" मावशी म्हणाली. "त्यांना वाटलं असतं तर म्हणाले असते, ये इकडं. नाही म्हणाले. त्यांना मागंच हवी आहे मी. आणि खरं सांगू? दारं आहेत म्हणून तरी मला नेतात असं वाटतं कधी कधी. एकदा निघालो की दिवस दिवस एक शब्द नाही बोलत माझ्याशी. मी मागं बसून ओट्याच्या फळीवरच्या रेघा बघते. कधी रडूही येतं. रडलं तरी कुणाला कळणार, पाठ तर दाराला."

मला इतका संताप आला, की त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला मी खोकल्याच्या औषधाऐवजी लेक्चर दिलं.

शेवटी तिची पाठच बोलली. डॉक्टरांनी सांगितलं, असं अवघडून बसायचं नाही. मावशीनं घरी येऊन काकांना काय सांगावं? 'मला पुढं बसू द्या' म्हणावं की नाही? नाही. ही म्हणाली, "अहो, पाठ फार दुखते हो. त्या दारांचं काहीतरी करा ना." एवढंच. मी तिथंच होते. काका "बरं" म्हणाले आणि उठून शेडमध्ये गेले.

खिट्टी विकत आणतील तर काका कसले! त्यांनी स्वतः पितळेची पट्टी कापली, घासली, वाकवली. वर एक, खाली एक, आणि दोन्ही दारं जिथं एकमेकांवर येतात तिथं मधोमध एक पिन, दाबली की आरपार. शेडमधून दिवसभर कानशीचा आवाज. ज्या माणसानं इतकी वर्षं खिट्टीच्या नावानं नाक मुरडलं तो आता दागिना घडवल्यासारखी खिट्टी घडवत होता. हात टेकायचे तर तेही नीट पॉलिश करून!

त्या दिवसांत मावशीला बघायला हवं होतं तुम्ही. वय विसरली होती. माझ्या दुकानात येऊन काळ्या चष्म्यांचा स्टँड फिरवत उभी राहिली. "पुढं ऊन लागतं ना गं डोळ्यांवर?" मी तिला एक मोठ्या गोल काचांचा चष्मा काढून दिला. तिनं तो घातला, आरशात बघितलं आणि स्वतःच खुदकन हसली. "अगं बाई, माशीच दिसतेय मी!" पण घेतला. पुढं बसल्यावर वाट दाखवायला लागेल म्हणून रस्त्यांचा नकाशाही उलगडून वाचत बसायची. तिला उजवं-डावं पटकन कळत नाही, तर हाताला दोन वेगवेगळ्या रंगांच्या रबरी बांगड्या घालून सराव करत होती.

खिट्टी झाली. काकांनी आम्हा दोघींना शेडमध्ये बोलावलं. पिन दाबली, दारं ओढून दाखवली, हलली नाहीत. गाडी चालू करून मागं-पुढं केली, ब्रेक मारला. दारं जागच्या जागी. काका खाली उतरले, हात पुसले आणि मावशीकडं न बघता म्हणाले, "घे. आता तू सुटलीस. आता तुला यायला नको. घरी निवांत राहा, पाठीला आराम पडेल. मी एकटा जाऊन येत जाईन."

मावशीच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. ती फक्त म्हणाली, "बरं." मी तोंड उघडणार, तर दंडाला चिमटा.

घरी गेल्यावर मी तिच्यावरच चिडले. "अगं, बोलायचंस ना तिथल्या तिथं!" ती म्हणाली, "काय बोलू? किती मन लावून केलीय त्यांनी ती खिट्टी. मला सोडवायला केली. बघितलंस ना, माझ्याशिवाय जायला किती उत्सुक आहेत." आणि चष्मा डबीत घालून वरच्या फळीवर ठेवून दिला.

काका निघाले. मावशीनं त्यांचे कपडे घडी करून कपाटात लावले, डबे भरले, आणि पिन आपल्या हातानं दाबली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दारात उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "चला, आता निवांत." त्या निवांतपणानं तिला आठवड्यात वाळवून टाकलं. कधी गेले तर पुसलेला ओटा परत पुसत असायची. दोघांचा चहा टाकायची आणि उरलेला गार करून प्यायची. एकदा दुपारी गेले, हाका मारल्या, उत्तर नाही. आतल्या खोलीत बघते तर ही बुटक्या स्टुलावर, भिंतीतल्या कपाटाला पाठ लावून बसलेली, हातात चहा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही गं. इथं बरं वाटतं." मग कप खाली ठेवून म्हणाली, "घर खायला उठतं. तिथं मागं बसून वाटायचं, कुणी बोलत नाही आपल्याशी. पण पुढं कुणीतरी आहे एवढं तरी होतं. आता पुढंही कुणी नाही."

संध्याकाळी काकांचा फोन यायचा. मी दोन-तीनदा समोर होते. मावशी पहिल्या रिंगलाच उचलायची. "हं... हं... बरं... जेवलात?... बरं." फोन ठेवून माझ्याकडं बघायची. "म्हणाले, दारं जरासुद्धा हलली नाहीत."

"आणि?"

"आणि काही नाही. दारं हलली नाहीत."

काका परत आले, उन्हानं रापून. चार दिवस राहिले आणि परत निघायची तयारी. तेव्हा मात्र मी शेडमध्ये जाऊन त्यांना गाठलंच. "काका, मावशीला का नेत नाही?"

ते चाकाची हवा तपासत होते. "तिला नाही आवडत गं फिरणं," ते म्हणाले. "मला कळतं. एवढी वर्षं आली माझ्याबरोबर, पण कधी एका शब्दानं म्हणाली नाही की हे छान आहे, ते छान आहे. माझ्यासाठी यायची बिचारी. पाठ मोडून घेतली. मी किती दिवस ओढून न्यायचं तिला?"

"तुम्ही विचारलंत का कधी तिला?"

"वकिलीणबाई," काका उठून उभे राहिले, "काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. माणसाला समजतं." आणि दुसऱ्या चाकाकडं गेले. समजतं म्हणे! डोंबल समजतं. दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं मला. पण मावशीनं शपथ घातली होती, की माझ्या मनातलं तू बोलायचं नाहीस.

दुसऱ्यांदाही काका एकटेच गेले. मावशी आणखी बारीक झाली. मी तिला माझ्याकडं राहायला बोलावलं तर आली नाही. म्हणाली, फोन तिकडं येतो ना.

तिसऱ्यांदा निघायच्या दिवशी सकाळी मी शेडचं फाटक लावून घ्यायला गेले होते. काकांनी बॅग आत ठेवली, दार सरकवलं आणि पिन दाबायला हात नेला, तर तिथं पिन नाही, पट्टी नाही, नुसती स्क्रूची भोकं. वर नाही, खाली नाही. दारं सुळ्ळकन मोकळी. काका वाकून जमिनीवर शोधायला लागले.

"शोधू नका. माझ्याकडं आहे."

काका वाकलेले असतानाच मावशी मागून आत चढली होती आणि कपाटापाशी बसलीही. बुटकं स्टूल, उशी, पाय ओट्याला, आणि ओटीत स्क्रू ड्रायव्हर. तिनं पाठ मागं रेलून दारं दाबून धरली. "चला. दारं धरते मी."

"अगं, पण पाठ तुझी..."

"पाठ गेली चुलीत!" मावशीला असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. "मला यायचंय तुमच्याबरोबर. दारांशिवाय तुम्ही मला नेत नाही, तर ही बघा, दारं आली परत. मला घरी नाही राहायचं. एकटीनं नाही राहायचं मला. मागं बसवा, पेटीत घाला, पण न्या."

काका वाटेतून उठले. "तुला तर आवडत नाही," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

काका खाली उतरले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर सगळा बाजार होता: पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी, दोरीचं वेटोळं, जुने बूट, टोपी. एकेक उचलून त्यांनी मागं पलंगावर नेऊन ठेवलं. पेटी जड होती. मावशी सवयीनं उठून दुसरं टोक धरायला गेली, तर दारं धाडकन उघडली. ती परत धरायला वळली.

"राहू दे," काका म्हणाले. त्यांनी खिशातला रुमाल काढून सीट पुसली. "ये इकडं."

"आणि दारं?"

"पडू दे काय पडायचं ते."

मावशी पुढं जाऊन बसली. मी धावत घरात जाऊन वरच्या फळीवरचा चष्मा आणून तिच्या हातात कोंबला. गाडी निघाली, गल्लीच्या टोकाला वळली, आणि आतून असा काही धडधडाट झाला की समोरच्या घरातले लोक खिडकीत आले. पातेली, डबे, सगळं. मला वाटलं आता थांबतील. गाडी थांबली नाही. मी फाटकाला धरून एकटीच हसत होते आणि डोळे पुसत होते.

इथंच हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

दहा-बारा दिवसांनी मावशी दुकानात आली. चेहरा उन्हानं लाल, नाकावर चष्म्याचा डाग. काउंटरला दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाजूला खुर्चीवर बसून राहिली. मला वाटलं, आता सांगेल डोंगर, समुद्र. मी म्हटलं, "बसलीस ना पुढं? मग? काय काय पाहिलंस?"

"पाहिलं," ती म्हणाली. "खूप पाहिलं." आणि रडायलाच लागली. मी काउंटरच्या बाहेर येऊन तिचा हात धरला. भांडले का दोघं, तब्येत बिघडली का, काही कळेना.

"ते बोलतात गं गाडीत," मावशी म्हणाली.

"कोण?"

"हे. घरात नाही, पण स्टिअरिंग हातात आलं की बोलतात. सारखं बोलतात. हळू आवाजात, समोर बघत. गावाबाहेर पडलो नाही तोच सुरू झाले. ते बघ, उजवीकडं तळं. आपण आलो होतो तेव्हा पाणी पार त्या झाडापर्यंत होतं, आठवतं ना तुला? मी म्हटलं, मला कसं आठवेल? तर म्हणाले, अगं, दाखवलं होतं की मी तुला. या वळणावरच सांगितलं होतं."

मावशीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी म्हटलं, तुम्ही असं नेहमी बोलायचात? म्हणाले, मग! तू मागं बसायचीस, तुला दिसायचं नाही, म्हणून मी सगळं सांगत जायचो. डोंगर आला की डोंगर, पूल आला की पूल. लहानपणीचंसुद्धा सांगितलं म्हणाले, त्यांच्या आईचं, कारखान्यातलं. घरात सुचत नाही, गाडीत सुचतं म्हणाले. पण तू कधी हूं की चूं केलं नाहीस. वाटलं, हिला कंटाळा येतो माझ्या बोलण्याचा. म्हणून तर म्हटलं, सोडवावं हिला."

"आणि तुला कधीच..."

"भांडी वाजायची गं! दारं वाजायची, खाली इंजिन. कधी कधी नुसतं पुटपुटणं यायचं कानावर. मला वाटायचं, गाड्यांना शिव्या देतायत." ती बाहीनंच डोळे पुसत राहिली. "सात-आठ वर्षं. मी मागं बसून म्हणत होते, हा माणूस माझ्याशी बोलत नाही. आणि ते पुढं बसून म्हणत होते, ही माझ्याशी बोलत नाही."

दुकानात कुणीतरी आलं, मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.

"मी म्हटलं त्यांना," मावशी म्हणाली, "परत सांगा मला. अगदी पहिल्या दिवसापासून सगळं सांगा, मी ऐकते. तर म्हणाले, आता मला ते सगळं कुठलं आठवायला."